निम्मा उजेड

आम्ही अकोल्याच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. घर अमरावतीला. शनिवारची सकाळची शाळा सुटली की एस.टी. धरायची, मूर्तिजापूर-बडनेरा करीत संध्याकाळपर्यंत घर गाठायचे आणि सोमवारी पहाटे पुन्हा उलटा प्रवास. घरात लहानपणापासून स्वतःला 'हम' म्हणायची सवय, म्हणून मराठीत लिहायला बसलो की 'आम्ही'च येते. त्यात मोठेपणा नाही. मोठेपणा करावा असे आमच्याजवळ काही नाहीही. बी.एड.ला आम्हाला पाठ-टाचण, मूल्यमापन, बालमानसशास्त्र सगळे शिकवले. पण 'निम्मा म्हणजे किती' हा प्रश्न नववीतल्या एका मुलीने विचारीपर्यंत आम्हाला तो प्रश्न आहे असेच वाटले नव्हते.

ही मुलगी चित्र चांगले काढते. एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएटची तयारी चालू आहे. पोस्टर कलर महाग पडतात, म्हणून ती मधल्या सुट्टीत संगणक कक्षात येऊन बसते. आमच्या कक्षात बारा संगणक आहेत, त्यांतले सात चालतात. त्या दिवशी ती लाल ओढणी घेतलेली बाई हिरव्या दरवाजापाशी उभी आहे असे चित्र काढत होती. ओढणीची कड मऊ दिसावी म्हणून तिने पसरट ब्रश घेतला होता. लाल संपून हिरवा सुरू होतो तिथे एक मळकट, काळपट पट्टा उमटला.

"सर, ये बीच में कीचड कायकू आया? मैंने तो लगायाच नहीं."

चित्रकलेचे सर शेजारीच होते. ते म्हणाले, लाल आणि हिरवा मिसळला की तपकिरीच होणार, त्यात नवल काय? सरांचे बरोबर होते. वाटीतल्या रंगांचे तसेच होते. पण मुलगी ऐकेना. "लेकिन सर, ये रंग थोडेच है, ये तो रोशनी है." आम्हीच तिला मागच्या महिन्यात शिकवले होते की पडद्यावर लाल, हिरवे आणि निळे असे तीनच दिवे असतात आणि लाल दिवा व हिरवा दिवा एकत्र पडले की पिवळे दिसते. मग लाल ते हिरवा जाताना वाटेत पिवळसर उजेड लागायला हवा होता. चिखल लागला. शिकवलेले असे अंगावर आले की शिक्षकाला बरे वाटते, पण उत्तर शोधावे लागते.

त्या पट्ट्याच्या मधल्या ठिपक्याचे आकडे आम्ही काढून पाहिले. संगणक प्रत्येक दिव्याला ० ते २५५ असा आकडा देतो. शुद्ध लाल म्हणजे लाल २५५, हिरवा ०. मधोमध निघाले लाल १२८, हिरवा १२८. म्हणजे संगणकाने दोघांचे निम्मे-निम्मे घेतले होते. हिशेब चोख. तरी चिखल. गोम होती ती 'निम्मा' या शब्दात.

मराठीतला 'निम्मा' आणि फारसीतला 'नीम' हे एकमेकांचे नातलग दिसतात. उर्दूत 'नीम-रोशन' म्हणजे अर्धवट उजळलेले. पण अर्धवट उजळलेले म्हणजे नेमके किती उजळलेले? आमच्या शिकण्याच्या वर्षांत वऱ्हाडात भारनियमन दहा-दहा, बारा-बारा तासांचे असे. अंधाऱ्या खोलीत अम्मी एक मेणबत्ती लावायची तेव्हा भिंती, चेहरे, घडवंचीवरची भांडी एकदम हजर होत. दुसरी लावली की पुस्तकातली अक्षरे वाचता येत. पण मोहल्ल्यातल्या शादीत जिथे दहा मेणबत्त्या जळत, तिथे अकरावी लावली तरी कुणाला पत्ता लागत नसे. मेणाचा खर्च तेवढाच, उजेडाची भरही तेवढीच. डोळ्याला मात्र पहिली मेणबत्ती मोठी आणि अकरावी नगण्य. आपला डोळा किती उजेड वाढला हे पाहत नाही, आधीच्या उजेडाच्या मानाने कितीपट वाढला हे पाहतो. हे जर्मनीच्या वेबर यांनी १८३४ साली वजने उचलण्याच्या प्रयोगांवरून मांडले आणि १८६० साली फेक्नर यांनी त्याला गणिताचे रूप दिले. पुढे १९५७ साली अमेरिकेत स्टीव्हन्स यांनी ते गणित सुधारले. आमच्या अम्मीला हे मेणबत्त्यांच्या हिशेबावरून माहीत होतेच. दोनच्या वर ती कधी लावीत नसे.

याचा परिणाम विलक्षण आहे. काळ्या आणि पांढऱ्याच्या बरोबर मध्ये आहे असा जो करडा रंग आपल्याला वाटतो, तो पांढऱ्या कागदाच्या निम्मा उजेड परत देत नाही. जेमतेम पाचवा हिस्सा देतो. छायाचित्रकार मंडळी जे करडे कार्ड वापरतात ते अठरा टक्क्यांचे असते, ते याच कारणाने. डोळ्याचा निम्मा आणि उजेडाचा निम्मा हे दोन वेगळे निम्मे आहेत.

वर्गात हे कसे दाखवावे? भिंगरीने. पुठ्ठ्याची गोल चकती घ्यायची, अर्धी काळी, अर्धी पांढरी, मध्ये दोन भोके पाडून दोरा ओवायचा आणि ओढायचा. वऱ्हाडातल्या कोणत्याही पोराने शर्टाच्या बटणाची अशी भिंगरी केलेली असते. वेगाने फिरली की काळे-पांढरे मिटते आणि करडे दिसते. फिरत्या भोवऱ्यावरचे वेगवेगळे रंग एकच होऊन दिसतात हे हजार वर्षांपूर्वी कैरोत 'किताबुल मनाझिर' लिहिणाऱ्या इब्न अल-हैसम यांनी नोंदवून ठेवले आहे. १८५० नंतरच्या दशकात स्कॉटलंडच्या मॅक्सवेल यांनी अशाच चकत्या फिरवून रंग मोजले. भिंगरीतले मिश्रण म्हणजे खऱ्या उजेडाची सरासरी, कारण डोळ्यात अर्धा वेळ काळ्यावरचा आणि अर्धा वेळ पांढऱ्यावरचा उजेड जातो. आमच्याकडे लग्नसराईत बायका 'धूपछाँव'चे कापड घेतात, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. दुरून दिसणारा तिसरा रंग हीदेखील तीच सरासरी.

चित्रकलेच्या सरांनी वाटीत काळा आणि पांढरा पोस्टर कलर समसमान घेऊन कालवला. मुलांपुढे आता दोन निम्मे होते. वाटीतला जवळजवळ पाटीसारखा काळपट, आणि भिंगरीवरचा राखेहूनही फिका. पोरे हसायला लागली. एक म्हणाला, "सर, दोनों में से एक तो झूठा है." दोन्ही खरे होते. वाटीत एक कण दुसऱ्या कणाचा उजेड गिळतो, चकतीवर कुणी कुणाला गिळत नाही.

मग तिसरा निम्मा, संगणकाचा. पडद्यावर आम्ही एक चौकोन काढला, त्यात एक ओळ काळी, एक ओळ पांढरी, अगदी एकेका ठिपक्याची. त्याला लागून १२८ आकड्याचा सपाट करडा चौकोन. मुलांना शेवटच्या बाकावर पाठवले. तिथून ओळी दिसत नाहीत, दोन करडे चौकोन दिसतात. ओळींचा चौकोन कितीतरी उजळ होता. मग एकाने आकडा वाढवत न्यायचा आणि बाकीच्यांनी 'बस' म्हणायचे. १४०, १५०, १७०. दोन्ही चौकोन एकमेकांत विरघळले तेव्हा आकडा १८५ च्या पुढे गेलेला होता. शेजारच्या जुन्या मॉनिटरवर थोडा वेगळा आला. पुस्तकातला आकडा १८८ आहे. म्हणजे पडद्याला निम्मा उजेड द्यायला लावायचे तर १२८ नव्हे, १८८ सांगावे लागते. १२८ सांगितले तर तो फक्त बावीस टक्के उजेड देतो.

दहावीच्या मुलांना हे वर्ग आणि वर्गमुळाने चटकन कळते. समजा, दुकानदार खरी रक्कम न लिहिता तिचे वर्गमूळ वहीत लिहितो. शंभर रुपयांना १०, शून्याला ०. आता शंभर आणि शून्य यांची सरासरी काढायची आहे. पोऱ्याने वहीतल्या १० आणि ० ची सरासरी काढली, ५ लिहिले. पाचाचा वर्ग पंचवीस. खरी सरासरी पन्नास, तिचे वर्गमूळ सातच्या वर. पोऱ्याचा भागाकार चुकलेला नाही. त्याने संकेताची सरासरी काढली, रकमेची नाही. आधी वर्ग करून खऱ्या रकमेत यायचे, तिथे सरासरी काढायची, मग पुन्हा वर्गमूळ घेऊन वहीत लिहायचे. संगणकातले चित्रही असेच संकेतात लिहिलेले असते. तिथे घात दोनचा नसून साधारण २.२ चा असतो, एवढाच फरक. त्या घाताला गॅमा म्हणतात. उलटा घात देऊन आकडा लिहिणे म्हणजे गॅमा करेक्शन, आणि संकेत सोडून खऱ्या उजेडाच्या मापात येऊन केलेला हिशेब म्हणजे लिनिअर, सरळ मापातला.

'गॅमा' म्हटल्याबरोबर मागच्या बाकावरून आवाज आला, "गामा पहलवान?" अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, कुस्ती आमच्या भागात घरचीच. गामा पहलवानाने १९२८ साली पटियाळ्यात झ्बिस्कोला क्षणात चीत केले ती गोष्ट सांगितल्याशिवाय तास पुढे सरकला नाही. हा गॅमा मात्र ग्रीक अक्षर आहे, आपल्या 'जीम'चा दूरचा भाऊ, दोघेही जुन्या फिनिशियन लिपीतल्या एकाच अक्षरापासून निघालेले. छायाचित्रणात ते आणले ते इंग्लंडच्या हर्टर आणि ड्रिफील्ड यांच्या कामाने. त्यांनी १८९० साली काचेच्या प्लेटवर पडलेला उजेड आणि तिचा काळेपणा यांचा आलेख मांडला. त्या आलेखाच्या चढाला गॅमा म्हणू लागले.

आता कुणी विचारील, आकडे सरळ उजेडाचेच का लिहीत नाहीत? ही वर्गमुळाची भानगड हवी कशाला? याला दोन कारणे आहेत आणि दोन्हींचा मेळ बसावा हा नशिबाचा भाग. जुन्या डबा टी.व्ही.तली काचेची नळी जात्याच अशी होती की विजेचा दाब निम्मा केला तर उजेड निम्मा न होता पाचव्या-सहाव्या हिश्शावर येई. दुसरीकडे डोळा अंधाऱ्या भागातला बारीक फरक ओळखतो, उजळ भागातला ओळखत नाही. २५६ पायऱ्या सरळ उजेडात वाटून दिल्या तर त्यांतल्या बहुतेक उजळ भागात वाया जातील आणि सावलीत जिन्यासारखे पट्टे दिसतील. ते टाळायला हजारो पायऱ्या लागल्या असत्या. वर्गमुळासारखा संकेत वापरला की पायऱ्या जिथे डोळ्याला हव्या तिथे दाट होतात. नळीचा दोष आणि डोळ्याचा स्वभाव एकमेकांना जवळजवळ अचूक पुरून उरले. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी याला 'एसआरजीबी' नावाचे प्रमाण सुचवले आणि १९९९ साली ते आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. ॲपलवाले १.८ चा घात धरून बसले होते, तेही २००९ साली २.२ वर आले. काचेच्या नळ्या भंगारात गेल्या. मोबाईलच्या पडद्यात नळी नाही, तरी तो नळीच्याच चालीने चालतो, कारण जगातली सगळी चित्रे त्या संकेतात लिहिली गेली आहेत.

लिहून ठेवायला हा संकेत उत्तम आहे. अडचण येते ती मिसळताना. कड मऊ करणे, फोटो लहान करणे, सावली अर्धी पारदर्शक करणे, धूसर करणे, या सगळ्यांत सरासरी असते, आणि बरीच सॉफ्टवेअरे वर्षानुवर्षे दुकानदाराच्या पोऱ्यासारखी वहीतल्या आकड्यांचीच सरासरी काढत आली. म्हणून लाल आणि हिरव्याच्या मध्ये चिखल येतो. फोटोशॉपमध्ये रंगांच्या सेटिंगमध्ये १.०० गॅमाने मिसळण्याची एक खूण आहे, फारसे कुणी तिकडे जात नाही. आमच्या शाळेत फुकटातला 'जिंप' आहे. त्याच्या २०१८ साली आलेल्या २.१० आवृत्तीपासून उजेडाच्या मापात मिसळण्याची सोय झाली. आम्ही त्या मुलीला रंगपट्ट्याची निवड बदलून दाखवली. लाल आणि हिरव्याच्या मधोमध १८८-१८८ आले, पिवळसर, सोनेरी. ती काही बोलली नाही. मागचे चित्र पुसून तिने ओढणी पुन्हा काढायला घेतली.

उर्दूवाल्यांना या गोष्टीचा एक वेगळा जाच आहे. नस्तालीक लिपीत एकाच अक्षरात कलमेची पूर्ण रुंदी असते आणि केसाएवढी बारीक रेघही. कातिबांच्या हातचे ते सौंदर्य छपाईच्या खिळ्यांत कधी नीट आले नाही. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडरूपे हाताने लिहून १९८१ साली 'नूरी नस्तालीक' उभे केले आणि १९९४ साली दिल्लीहून 'इनपेज' आले, तेव्हा अकोला-अमरावतीच्या प्रेसमध्येही कातिबाची जागा कीबोर्डने घेतली. आता पडद्यावर अक्षराची कड ठिपक्याच्या मधूनच गेली तर त्या ठिपक्याला करडा रंग देतात. अर्धा ठिपका झाकला तर निम्मा करडा. पण कोणता निम्मा? १२८ दिला तर उजेड बावीसच टक्के. पांढऱ्यावर काळी अक्षरे असतील तर कडा जरुरीपेक्षा काळ्या होऊन अक्षर जाड दिसते. काळ्यावर पांढरी असतील तर तेच १२८ कडा विझवते आणि बारीक रेघा तुटल्यासारख्या होतात. शाळेच्या कार्यक्रमासाठी गडद निळ्या पडद्यावर पांढऱ्या उर्दूत नाव आले की 'रे' आणि 'दाल'च्या शेपट्या गायब होतात, ते आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. लोक फॉन्टला दोष देतात. कातिब असता तर त्याने काळ्यावर लिहिताना कलमेला अंमळ रुंद कत दिला असता.

आमचे अब्बा अकोल्यात जिनिंगमध्ये हमाल होते. कापूस एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली, तिची शेवटची वर्षे आम्ही लहानपणी पाहिली. गाड्यांची रांग लागायची आणि ग्रेडर ढिगात हात घालून मूठभर कापूस बाहेर काढायचा, उजेडाकडे धरायचा, बोटांनी फाकवायचा आणि एक शब्द बोलायचा. त्या एका शब्दावर शेतकऱ्याचे वर्ष असे. डागाळलेल्या कापसाला 'कवडी' म्हणत. अब्बा सांगायचे की शेतकरी शक्यतो सकाळी नंबर लागावा म्हणून रात्रभर गाडीखाली झोपत, कारण मावळतीच्या पिवळ्या उन्हात चांगला कापूसही पिवळा दिसतो. कापूस पारखायच्या खोल्यांना उत्तरेकडचा उजेड घेत, त्याच्यामागे हेच.

पांढऱ्याची पारख ही डोळ्याची सर्वांत अवघड परीक्षा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यात डोरोथी निकरसन नावाच्या बाई १९२७ पासून कापसाच्या रंगावर काम करीत होत्या. १९५० च्या सुमारास त्यांनी आणि रिचर्ड हंटर यांनी कापसाचा रंग मोजणारे यंत्र केले. आज एचव्हीआय यंत्रावर कापसाचा नमुना ठेवला की दोन आकडे येतात, एक पिवळेपणाचा आणि दुसरा उजेड किती टक्के परत आला त्याचा. तो टक्का सरळ मापातला असतो. आपल्याकडचा चांगला कापूस साधारण सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान बसतो. आता सत्तर आणि पंचाहत्तर यांत पाचाचा फरक आहे, दहा आणि पंधरा यांतही पाचाचाच. पण डोळ्याला दुसरा फरक पहिल्याच्या सुमारे तिप्पट ठळक दिसतो. जिथे पैसा आहे तिथेच, म्हणजे पांढऱ्यात, डोळा मंद आहे. त्या ग्रेडरचा डोळा किती तयार असेल याचे आम्हाला आता आश्चर्य वाटते. अब्बांना वाटत नाही. त्यांना त्याची मर्जी आठवते.

रंगाचा भाव कापसालाच लागतो असे नाही. आमची आपा सावळी आहे. ज्या मुलखात सावळ्या विठ्ठलासाठी लाखो लोक पंढरीला पायी जातात, आणि ज्या घरात हजरत बिलाल यांचे नाव अदबीने घेतात, तिथे लग्नाच्या बाजारात मात्र सावळेपण सांगताना आवाज खाली येतो. 'फेअर अँड लव्हली' १९७५ पासून विकली गेली. २०२० साली तिच्या नावातला 'फेअर' गेला, ट्यूब राहिली. आम्ही शिकत होतो त्या दिवसांत आपासाठी स्थळ पाहायचे म्हणून एका स्टुडिओत फोटो काढला. स्टुडिओवाल्याने न विचारता ब्राइटनेस वर ओढून दिला. जुन्या पद्धतीचा ब्राइटनेस म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या आकड्यात सारखीच भर, केसांतही आणि कपाळावरही. आपाचे केस राखेचे झाले, गालांची गोलाई सपाट झाली आणि ओढणीवरची चिकनकारी पांढऱ्यात बुडाली. नाकाची चमकी शोधावी लागत होती. अम्मीला तो फोटो फार आवडला.

पाहुणे आले, चहा झाला. मुलाच्या आईने एकदा फोटोकडे आणि एकदा आपाकडे पाहिले. 'बाद में बताते' म्हणून गेले. निरोप आला नाही. आपाने ट्रे आत नेऊन ठेवला आणि कप विसळायला बसली. त्या फोटोतली बाई कोण होती, हे तिने आम्हाला त्या रात्री विचारले. आम्ही तेव्हा बारावीला होतो, उत्तर नव्हते. पुढच्या स्थळाला तिने डी.एड.च्या फॉर्मवरचा पासपोर्ट फोटो दिला. लग्न परतवाड्याला झाले. भाईसाहेबांनी फोटो मागितलाच नव्हता.

हे सगळे गॅमाने केले असे आम्ही म्हणत नाही. माणसांची नजर माणसांनीच तयार केलेली आहे. पण यंत्राचा बेतही आभाळातून पडत नाही. कोडॅकच्या काळात रंगीत प्रिंट बरोबर आली की नाही हे ठरवायला प्रयोगशाळांना एका गोऱ्या बाईचे कार्ड पाठवीत, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कांती बरोबर आली की फोटो बरोबर. बाकीच्या कांतीचे काय, हे कार्डावर नव्हते. त्या मानाने आजची साधने बरी आहेत, वापरणाऱ्याला हिशेब माहीत असला तर.

मागच्या वर्षी दहावीच्या मुलींचा गट-फोटो व्हरांड्यात काढला. पुढच्या रांगेवर ऊन, मागच्या रांगेवर छपराची सावली, सगळ्यांच्या पांढऱ्या ओढण्या. मोबाईलच्या कॅमेऱ्याने ओढण्या सांभाळल्या आणि चेहरे सोडून दिले. मागच्या रांगेत दात आणि ओढण्या तेवढ्या ओळखू येत होत्या. मुली एकमेकींना चिडवत होत्या आणि दोघीतिघी गप्प होत्या. त्या गप्प का आहेत हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. आम्ही फोटो जिंपमध्ये उघडून 'लेव्हल्स'ची खिडकी काढली. तिथे तीन खुंट्या असतात, डावीकडे काळ्याची, उजवीकडे पांढऱ्याची, मधली करड्याची. मधली खुंटी म्हणजेच गॅमा. ती १.०० वर असते. १.३५ केली. ओढणी पांढरीच राहिली, केस काळेच राहिले आणि मधले चेहरे सावलीतून बाहेर आले. गोरे झाले नाहीत, दिसू लागले. सावळी ती सावळीच होती, फक्त तिच्या भुवया, हनुवटी, हसू जागेवर होते. मागच्या रांगेतली एक म्हणाली, "हाँ, ये मैं हूँ."

आमचा एक माजी विद्यार्थी आता अकोल्यात फोटोचे काम करतो. लग्नसराईत रोज शेकडो चेहरे त्याच्या हाताखालून जातात. गिऱ्हाईक म्हणते गोरे कर, आणि त्याला पोट आहे, त्याला आम्ही नीती सांगायला जात नाही. पण अधूनमधून रात्री त्याचा फोन येतो. परवा कुणा नवरीचा फोटो होता, लाल शरारा, मागे हिरवी झालर, संध्याकाळचा उजेड.

"सर, ब्राइटनेस नहीं छेडा. बीचवाला कितना रखूँ?"

आम्ही म्हटले, १.२ वर ठेवून बघ. आधी केस बघ, काळे आहेत का, मग जरीचे टाके मोज. आणि तिच्या अम्मीला फोटो दाखवण्याआधी तिला स्वतःला दाखव.